शाळेने दिलेला लॅपटॉप मुलांच्या हातात टिकावा म्हणून

प्रश्न: आमच्या शाळेने सहावी ते नववीच्या मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप दिला आहे. पाचवीला वर्गातच वापरायचे टॅबलेट आहेत. वर्ष संपायच्या आत फुटलेल्या स्क्रीन, निखळलेल्या बिजागऱ्या, हरवलेले चार्जर यांची रांग लागते. मुलांकडून प्रतिज्ञा घेऊन झाली, पालकांच्या सह्या घेऊन झाल्या, दंडही लावून पाहिला. मुलांना जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून आणखी काय करता येईल?

उत्तर: शाळेतली ही यंत्रं सांभाळायची, दुरुस्तीला पाठवायची आणि परत आली की मुलांच्या हातात द्यायची, हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते, जाणीव करून देण्यात तुम्ही काही कमी ठेवलेलं नाही. आता थोडं लक्ष घड्याळाकडे द्या. मोडतोड दिवसभर सारखी होत नसते. तास संपल्यापासून पुढच्या वर्गात बसेपर्यंतची काही मिनिटं, शाळा सुटताना दप्तर भरायची घाई आणि घरी रात्री चार्जिंगला लावून ठेवलेला लॅपटॉप, या तीन वेळांतच बहुतेक नुकसान होतं. बाकावर ठेवून शांतपणे काम चालू असताना लॅपटॉप सहसा मोडत नाही. म्हणजे मूल तेच, यंत्र तेच. वेळ बदलली की हात बदलतात. एरवी अतिशय नीटनेटकी असलेली मुलगीसुद्धा घंटा झाल्यावर एका हातात उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हातात कंपासपेटी आणि दातांत वही धरून धावते. तिला जबाबदारीचा धडा पाठ आहे. तिच्याकडे वेळ नाही, एवढंच.

म्हणून सर्वांत आधी मागच्या वर्षीच्या दुरुस्तीच्या नोंदी काढा. नोंदी नसतील तर फुटलेले लॅपटॉपच टेबलावर मांडा. स्क्रीन कशी फुटली हे तडे बघून बऱ्यापैकी कळतं. की-बोर्डाच्या समोर येणाऱ्या भागात एकाच बिंदूतून चहूबाजूंना तडे गेले असतील, तर की-बोर्डावर काहीतरी राहिलं होतं आणि वरून झाकण बंद झालं. पेन्सिल, इयरफोन, खोडरबर, पेनाचं टोपण, काहीही. तडे कोपऱ्यातून निघाले असतील आणि त्याच कोपऱ्याचं प्लॅस्टिक चेपलं असेल, तर लॅपटॉप पडला. वरून काही दिसत नाही, पण चालू केल्यावर आत काळा डाग शाईसारखा पसरलेला दिसतो, तेव्हा दाब पडलेला असतो: दप्तरातली जाड पुस्तकं, दप्तरावर बसलेलं कुणीतरी किंवा स्क्रीनला धरून लॅपटॉप उचलताना रुतलेला अंगठा. आणि वरच्या कडेला मधोमध, कॅमेऱ्याच्या आसपास तडा असेल तर कॅमेऱ्यावर काय चिकटवलं होतं ते विचारा. त्याकडे पुढे येतेच.

ही वर्गवारी एका दुपारचं काम आहे, पण त्यानंतर तुमच्या हातात नेमकी कारणं असतात. एका शाळेत अर्धं नुकसान पेन्सिलींमुळे झालेलं असतं, दुसरीत दप्तरांमुळे. दोन्हीकडे एकच भाषण देऊन काय होणार?

मुलांनाही हे दाखवा. माझ्या मते पहिल्या दिवशीचा सगळ्यांत उपयोगी तास म्हणजे मेलेला लॅपटॉप उघडून दाखवण्याचा. बॅटरी आधी मोठ्यांनी काढून ठेवायची, मग बाकीचं मुलांसमोर. स्क्रीनच्या आत काचेचे दोन पातळ पापुद्रे असतात, प्रत्येकी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ, आणि त्यांच्या मध्ये द्रव स्फटिकाचा थर. काचेची कड एकदा डोळ्यांनी पाहिली की 'स्क्रीन नाजूक असते' हे वेगळं सांगावं लागत नाही. मग की-बोर्डावर एक पेन्सिल ठेवा आणि त्या मेलेल्या लॅपटॉपचं झाकण मुलांसमोर हळूच दाबा. कट्‍ असा आवाज येतो. सहावीची पोरं तो विसरत नाहीत. (काचेचे तुकडे उडायला नकोत म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली असावी आणि दाबायचं काम शिक्षकांनीच करावं.)

आता घंटेचं बघू. ज्या तासाला लॅपटॉप उघडलेत, तो तास तीन मिनिटं आधी थांबवा. शिक्षकांना ही तीन मिनिटं जड जातात, मला माहीत आहे. तरीही मुख्याध्यापकांनी हा नियम म्हणून सांगितल्याशिवाय तो पाळला जात नाही. या तीन मिनिटांत मुलांनी काय करायचं ते ठरलेलं असावं आणि रोज त्याच क्रमाने व्हावं. काम जतन करायचं. की-बोर्डावरून तळवा फिरवायचा. डोळ्यांनी बघून भागत नाही, कारण काळ्या की-बोर्डावरचा काळा इयरफोन दिसत नाही, तळव्याला मात्र लागतो. झाकण मधोमध धरून बंद करायचं. चार्जर काढायचा तो वायर ओढून नाही, पिन धरून. मग लॅपटॉप दप्तरात, किंवा दोन्ही हातांनी छातीशी धरून पुढच्या वर्गात. उघडा लॅपटॉप घेऊन कुणीही एक पाऊलसुद्धा चालायचं नाही, शिक्षकांनीही नाही. मुलं शिक्षकांचे हात बघून शिकतात, आणि एका हाताने स्क्रीनला धरून लॅपटॉप नाचवणारे शिक्षक मी ढिगाने पाहिलेत.

पहिले दोन आठवडे ही कवायत अक्षरशः सराव म्हणून घ्या. नंतर सांगावं लागत नाही, शिक्षक 'आवरा' म्हणाले की हात आपोआप की-बोर्डावरून फिरतात. सुट्टीनंतर सवय मोडलेली असते, तेव्हा पुन्हा एक आठवडा.

तासाच्या मधे शिक्षक बोलत असताना झाकण पूर्ण बंद करायला लावू नका. दर वेळी उघडझाप, दर वेळी पासवर्ड, दर वेळी कुरकुर. झाकण अर्धं खाली आणायचं, म्हणजे स्क्रीन दिसत नाही आणि यंत्र झोपतही नाही. याचा आणखी एक फायदा आहे. मुलं की-बोर्डाची बटणं उपटतात ती द्वेषाने नव्हे, कंटाळ्याने. नख घालून बटण उचललं की त्याखालची कात्रीसारखी बारीक प्लॅस्टिकची कडी तुटते आणि ते बटण पुन्हा नीट बसत नाही. झाकण अर्धं खाली असलं की रिकामी बोटं तिथे पोचत नाहीत.

बिजागरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो खर्च मोठा असतो आणि दोष नेहमी मुलांच्याच माथी मारला जातो. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळेच्या बारीक नळ्यांत बसवलेले असतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूच्या बिजागरीवर येतो. असं वर्षभर चाललं की नळ्या प्लॅस्टिकमधून सुटायला लागतात. आधी झाकण बंद करताना कुरकुर ऐकू येते, मग त्या कोपऱ्यात कवच किंचित उचललेलं दिसतं, मग एक दिवस झाकणच हातात येतं. त्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप ज्याच्या हातात असतो तो गुन्हेगार ठरतो. कवच उचललेलं दिसताच लॅपटॉप दुरुस्तीला आला तर दोन स्क्रूंमध्ये भागतं. म्हणून मुलांना 'झाकण मधून उघडा' हे शिकवाच, आणि त्यासोबत 'कोपरा उचललेला दिसला की त्याच दिवशी घेऊन या' हेही शिकवा.

लॅपटॉपच्या खोक्यावर लष्करी मानकाचा उल्लेख बघून बऱ्याच शाळा निर्धास्त होतात. 'मिल-एसटीडी-८१०' असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्या मानकातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या आणि कशा, हे बऱ्याच अंशी कंपनीच ठरवते. बाकाएवढ्या उंचीवरून पडणं सोसलेला लॅपटॉप पेन्सिलीवर झाकण आपटलं तर फुटणारच. मुलांच्या हातांचा विचार मुळापासून करून बनवलेलं यंत्र म्हणजे २००७ साली आलेला 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ. त्याला धरायला मूठ होती, की-बोर्ड रबराचा आणि सलग होता म्हणजे बटणं उपटायची सोयच नाही, आणि अँटेनाचे दोन 'कान' खाली मुडपले की पोर्ट, म्हणजे वायर जोडायच्या खाचा, झाकले जात. प्रकल्पाचं पुढे काय झालं तो वेगळा विषय आहे. पण पुढच्या खरेदीच्या वेळी प्रोसेसरच्या आधी कडांचं रबर, की-बोर्डाची बनावट आणि स्क्रीन बाहेरून सहज बदलता येते का, हे बघा असं मी त्या यंत्राकडे बोट दाखवून सांगते.

दप्तराचा प्रश्न सोपा वाटतो, पण तो बारकाईने बघावा लागतो. लॅपटॉपचा कप्पा वेगळा हवा आणि तो दप्तराच्या तळापासून दोन बोटं तरी वर संपायला हवा. नाहीतर दप्तर जमिनीवर टाकलं की लॅपटॉपची कड थेट आपटते. चार्जरचा ठोकळा बाहेरच्या कप्प्यात जायला हवा. लॅपटॉपला लागून ठेवला तर तो झाकणावर रुततो आणि वर सांगितलेला काळा डाग पडतो. पाण्याची बाटली कितीही घट्ट झाकणाची असली तरी त्या कप्प्यात नको, दप्तराच्या बाहेरच्या जाळीत. प्रत्येकाला चांगलं दप्तर घेणं शक्य नसतं, तेव्हा शाळेने साधं जाड कापडी आवरण दिलं तरी पुष्कळ फरक पडतो. एक स्क्रीन वाचली तरी बऱ्याच आवरणांचा खर्च निघतो.

चार्जिंग. हल्लीच्या बहुतेक यंत्रांना यूएसबी-सी पोर्ट असतो आणि त्याच्या मधोमध एक पातळ जीभ असते. वायरीत पाय अडकून झटका बसला की ती जीभ मोडते किंवा पोर्ट मुख्य सर्किटवरून उखडतो. तसं झालं तर अनेक मॉडेलमध्ये अख्खा बोर्ड बदलावा लागतो. त्यामुळे वर्गात वायर बाकांच्या मधल्या वाटेवरून जाता कामा नये. लॅपटॉप घरून चार्ज करून आणायचा हा नियम असावा आणि विसरलेल्यांसाठी भिंतीलगतचा एखादा बाक राखून ठेवावा. वायर ठोकळ्याभोवती आवळून गुंडाळली की ती पिनेजवळ आतून तुटते. सैल वेटोळी करून रबर लावायचा. टॅबलेटच्या पोर्टमध्ये दप्तरातला कापूस आणि धूळ साचते आणि मग 'चार्जच होत नाही' अशी तक्रार येते. टॅबलेट बंद करून लाकडी काडीने तो कचरा हलकेच काढता येतो, पण ते काम मोठ्यांनी करावं. टाचणी किंवा स्टेपलरची पिन कधीच नको.

धातू पोर्टमध्ये घालण्याचा उद्योग मुलं मुद्दामही करतात. २०२५ च्या मे महिन्यात टिकटॉकवर क्रोमबुकच्या (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या) पोर्टमध्ये धातूच्या वस्तू खुपसून धूर काढण्याचं खूळ पसरलं होतं आणि अमेरिकेतल्या अनेक शाळांना त्याचा त्रास झाला. असं काही कानावर आलं की दटावण्याआधी कारण समजावून सांगा: शॉर्ट होतो, लिथियम बॅटरी तापते, आणि पेटलेल्या बॅटरीचा धूर विषारी असतो. मोठ्या वर्गातल्या मुलांना धमकीपेक्षा रसायनशास्त्र जास्त पटतं.

बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता. चार्जिंगला लावलेला लॅपटॉप उशीवर, गादीवर किंवा पांघरुणाखाली असला की हवेच्या जाळ्या बुजतात आणि यंत्र तापतं. बऱ्याच टॅबलेटना ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेतच वापरा असं उत्पादक सांगतात; उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान याच्या कितीतरी वर जातं. बॅटरी पूर्ण शून्यावर नेणं आणि कायम शंभरावर ठेवणं, दोन्ही तिला मानवत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधे राहिली तर जास्त टिकते. पण मुलांच्या मागे टक्क्यांची भुणभुण लावू नका. 'कडक, सपाट जागेवर चार्ज करा' एवढं एक पाळलं तरी पुष्कळ झालं.

फुगलेल्या बॅटरीबाबत मात्र अजिबात सवलत नाही. टचपॅड वर आलाय, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो, टॅबलेटची स्क्रीन कडेने सुटायला लागली आहे, ही लक्षणं मुलांना चित्र काढून शिकवा. असं यंत्र दाबायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, तसंच बंद करून द्यायचं. घेणाऱ्यानेही ते कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून घरी जाऊ नये.

पाणी सांडलं तर काय करायचं हे प्रत्येक वर्गात भिंतीवर लिहिलेलं असावं, कारण तेव्हा कुणाला काही आठवत नाही. चार्जर काढा. पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करा. लॅपटॉप उघडा असतानाच पालथा करून तंबूसारखा उभा ठेवा, म्हणजे पाणी की-बोर्डातून आत न मुरता बाहेर येईल. तसाच तंत्रविभागात आणा आणि 'चालू होतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका; ओलं सर्किट बहुधा याच क्षणी जळतं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको. तांदळात ठेवण्याचा सल्ला तर हटता हटत नाही. तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये शिरून फोन खराब होऊ शकतो, हे ॲपलने २०२४ साली आपल्या सूचनांमध्ये लिहिलं आहे. गोड पेय सांडलं असेल तर ते मुद्दाम सांगायला शिकवा. साधं पाणी वाळतं, साखर आत राहते आणि सर्किट कुरतडत बसते, त्यामुळे तो लॅपटॉप उघडून साफच करावा लागतो.

सफाई फार अवघड नाही. चष्मा पुसायचं मऊ कापड, आठवड्यातून एकदा, यंत्र बंद करून. डाग जात नसेल तर कापड किंचित ओलं करायचं. फवारा कापडावर, स्क्रीनवर कधीच नाही. काचा पुसायचं अमोनियायुक्त द्रावण आणि ब्लीच चालत नाही, स्क्रीनवरचा लेप जातो.

आता दंड. तुमच्या प्रश्नातला हा एकच शब्द मला खटकला. सरसकट दंड लावला की मोडतोड कमी होत नाही, ती कळण्याचं प्रमाण कमी होतं. कोपऱ्यात केसाएवढा तडा गेलेला असतो, मूल घरी सांगत नाही, शाळेत सांगत नाही, वरून स्टिकर लावतं. दोन महिन्यांनी स्क्रीन पूर्ण जाते. तोवर उचललेली बिजागरी तुटलेली असते, फुगणारी बॅटरी दप्तरात फिरत असते. लपवल्यामुळे झालेलं नुकसान मूळ नुकसानापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठं असतं. मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. अपघात झाला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितला, तर पैसे नाहीत, बोलणीही नाहीत. तीच हयगय पुन्हा पुन्हा झाली, तर यंत्र काही दिवस शाळेतच ठेवायचं, घरी न्यायचं नाही, आणि पालकांशी बोलायचं. मुद्दाम केलं असेल तर भरपाई, पण ती ठरवताना घरची परिस्थिती बघायची, आणि मुलाने शाळेत काही काम करून ती फेडण्याची वाट मोकळी ठेवायची. दंडाच्या धाकाने लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवणारे पालक मी पाहिलेत. यंत्र नवंकोरं राहतं आणि मूल कोरंच राहतं.

कळवणं सोपं करा. तंत्रविभागाच्या दाराशी एक वही, त्यात लॅपटॉपचा क्रमांक, काय झालं, कधी झालं, एवढे तीनच रकाने. 'कोणामुळे झालं' हा रकाना ठेवू नका. मूल लिहायला आलं की पहिलं वाक्य 'बरं झालं लगेच आलास' हे असू दे. त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो; शिव्या खायच्या तयारीने आलेलं असतं ते.

दुरुस्तीच्या काळात बदली लॅपटॉप मिळायलाच हवा, नाहीतर अभ्यास बुडेल या भीतीने मुलं मोडका लॅपटॉप देतच नाहीत. फक्त हा बदली लॅपटॉप त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपपेक्षा नवा नसावा. का, ते अनुभवी शिक्षकांना सांगायला नको.

यंत्र 'आपलं' वाटण्याबद्दल. वर्षभर, जमलं तर शाळा सोडेपर्यंत, तोच लॅपटॉप त्याच मुलाकडे राहू द्या. दर वर्षी गोळा करून नव्याने वाटले की कुणालाच ते आपले वाटत नाहीत, आणि तडा आधीचा की आताचा हा वाद कायमचा मागे लागतो. वरच्या कवचावर किंवा आवरणावर स्टिकर लावायला परवानगी असावी. शाळेच्या क्रमांकाचं लेबल आणि हवेच्या जाळ्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. स्टिकरांना विरोध करणाऱ्या शाळांना मी एवढंच विचारते, की एकसारख्या तीनशे लॅपटॉपांतून आपला कुठला हे सातवीच्या मुलाने ओळखायचं कशावरून? चुकून दुसऱ्याचा उचलला जाणं हे हरवण्याचं मोठं कारण आहे.

आणि कॅमेरा. मुलं त्यावर पुठ्ठा, जाड चिकटपट्टी, सरकती प्लॅस्टिकची झाकणी असं काहीबाही लावतात. आजच्या लॅपटॉपमध्ये मिटलेलं झाकण आणि की-बोर्ड यांच्यात जवळजवळ जागाच नसते, त्यामुळे तो तुकडाच स्क्रीन फोडतो. झाकणी लावून मॅकबुक मिटू नका, लावायचीच असेल तर ती छपाईच्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा, जाड नसावी, असं ॲपलने २०२० साली जाहीरपणे सांगितलं होतं. कॅमेरा झाकू नका असं मुलांना सांगून मात्र ती ऐकणार नाहीत, कारण शाळा आपल्याला बघते की काय ही शंका खरी असते. २०१० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा-जिल्ह्यावर (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर) याच कारणावरून खटला झाला. मुलांना दिलेल्या लॅपटॉपचे कॅमेरे दुरून चालू करून फोटो घेतले गेले होते. तेव्हा शाळेला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी मुलांना आणि पालकांना लेखी सांगा. मग कॅमेऱ्यावर कागदाची पातळ चिठ्ठी पुरते.

वरच्या वर्गातल्या चार-सहा मुलांचं मदत पथक करा. आठवी-नववीची पोरं सहावीच्यांना जे दरडावून सांगतात ते आपण प्रेमाने सांगूनही पोचत नाही. त्यांनी यंत्र पुन्हा चालू करणं, वायर तपासणं, स्क्रीन पुसणं, नोंद करून घेणं इतकं करावं. कवच उघडायचं नाही, बॅटरीला हात लावायचा नाही आणि कुणाचा पासवर्ड विचारायचा नाही. पथकात फक्त हुशार मुलं घेऊ नका. ज्याने दोनदा लॅपटॉप फोडलाय त्यालाही घ्या, कसा फुटतो ते त्याला ठाऊक असतं.

पाचवीच्या टॅबलेटचं गणित वेगळं आहे. तिथे यंत्र कुणा एकाचं नसतं, त्यामुळे सगळा भार टॅबलेट ठेवायच्या ट्रॉलीवर येतो. ट्रॉलीच्या खणांना क्रमांक द्या, हजेरी क्रमांकाप्रमाणे टॅबलेट ठरवून द्या, आणि एका वेळी चारच मुलांना ट्रॉलीपाशी सोडा. गर्दी झाली की टॅबलेट पडलाच. कडेला जाड रबर असलेलं आवरण या वयाला हवंच.

पालकांच्या सह्या घेतल्यात, चांगलं केलंत. आता तो करार एका पानावर आणा. घरात लॅपटॉपची रात्रीची जागा कुठली, हा प्रश्न त्यात असू द्या आणि उत्तर पालकांना स्वतः लिहू द्या. टेबल, कपाटावरची फळी, काहीही चालेल. जमीन आणि अंथरूण चालणार नाही. धाकट्या भावंडांच्या हाताला लागेल अशी जागा नको. दादाच्या लॅपटॉपवर उभं राहून पाहणारी चार वर्षांची बहीण हा माझ्या नोंदवहीतला नेहमीचा प्रकार आहे.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. आठवड्यातून एकदा यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं आणि अपडेट पुढे ढकलायचे नाहीत. मंद झालेल्या लॅपटॉपवर मुलं राग काढतात, बटणं आपटतात, झाकण आदळतात, त्यामुळे ही देखभाल हार्डवेअरचीही आहे. यंत्राला अपडेट कधीपर्यंत मिळणार ते खरेदीच्या आधी बघा: २०२१ पासून पुढे आलेल्या क्रोमबुकना १० वर्षं मिळतात, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मोठ्या सुट्टीत यंत्रं शाळेत जमा करून घेणार असाल तर ती पूर्ण चार्ज करून ठेवू नका आणि रिकामीही ठेवू नका. साधारण ५० टक्क्यांवर आणून, पूर्ण बंद करून, थंड आणि कोरड्या खोलीत, उभी, एकमेकांवर न रचता. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी सुट्टीनंतर कधीकधी चार्जच घेत नाही. जमा करताना मुलाने स्वतः आपल्या लॅपटॉपची तपासणी करून कागदावर लिहायची: झाकण, बिजागरी, चारही कोपरे, बटणं, पोर्ट, चार्जर. त्याच्यासमोर तुम्ही एकदा बघायचं आणि दोघांनी सही करायची. सुट्टीनंतर लॅपटॉप परत देताना तोच कागद बाहेर काढायचा.